टायरॉड गेला म्हणजे काय झालं?

कापसाचा हंगाम भरात आला की वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या बाजार समितीच्या आवाराकडे गाड्यांची रांग लागते. बैलबंड्या आता मोजक्याच. बाकी पिकअप, छोटे ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या. रांगेतल्या पिकअपच्या पुढच्या चाकांशी वाकून पाहिलं तर एक गोष्ट बऱ्याच गाड्यांत दिसते. टायरच्या मधल्या पट्ट्यावर नक्षी शाबूत असते, पण आतली किंवा बाहेरची एकच कड गुळगुळीत झालेली असते. टायरवरून तळहात आडवा फिरवला तर एका बाजूने तो सहज सरकतो आणि उलट फिरवताच रबराची धार बोटांना लागते. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "टायर खाऊन रायली ना भाऊ गाडी."

टायर खाणाऱ्या कारणांत पहिल्या दोन-तीनांत नाव येतं टायरॉडचं. स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारी आणि पुढची दोन्ही चाकं एका मापात धरणारी ही पोलादी दांडी. नव्या टायरच्या जोडीपुढे तिच्या टोकाची किंमत किरकोळ असते. तरी लोक टायर आधी बदलतात आणि टायरॉड नंतर, कारण झिजलेला टायर वरून दिसतो आणि टायरॉड पाहायला गाडीखाली जावं लागतं. ही दांडी काय करते, आपल्याकडे ती लवकर का जाते आणि ती बदलताना नेमकं काय सांभाळायचं, ते या प्रकरणात पाहू.

बंडीला टायरॉड लागत नाही

बंडीला स्टिअरिंग नसतं, कारण तिला गरजच पडत नाही. दोन चाकं, एक आख, पुढे जू. बैल वळले की धुरा वळतो आणि धुऱ्यामागे सगळी बंडी वळते. चाकं आखाशी कायम काटकोनात असतात. वळणावर आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त, एवढंच.

चार चाकं आली की अडचण सुरू होते. युरोपातल्या जुन्या घोडागाड्यांत पुढचा आख मधोमध एका खुंटीवर बसवलेला असे आणि वळताना चाकांसकट अख्खा फिरे. त्याला गाडीखाली भरपूर जागा लागे. शिवाय तीव्र वळणात आख तिरका झाला की गाडीचा पायाच अरुंद होई आणि ती कलंडायची भीती असे. म्युनिकमध्ये गाड्या बांधणारा गेऑर्ग लांकेनश्पेर्गर याने १८१७ च्या सुमारास यावर तोडगा काढला. आख जागचा हलवायचा नाही. त्याच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र खुंट्या द्यायच्या, प्रत्येक चाक आपापल्या खुंटीवर वळेल असं करायचं आणि दोन्ही चाकं दांडीने एकमेकांना बांधायची. लंडनमधला त्याचा प्रतिनिधी रुडॉल्फ अ‍ॅकरमन याने १८१८ मध्ये तिथे पेटंट घेतलं. नाव प्रतिनिधीचंच चिकटलं, आणि आजही आयटीआयपासून अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत ही रचना अ‍ॅकरमनच्या नावानेच शिकवली जाते.

या रचनेतली खुबी अशी की वळणावर दोन्ही पुढची चाकं सारखी वळून चालत नाही. समजा, गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २.७ मीटर अंतर आहे, डाव्या-उजव्या चाकांत सुमारे १.४ मीटर आहे, आणि मागच्या आखाचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळतो आहे. अशा वळणात आतल्या चाकाला सुमारे ३२ अंश वळावं लागतं, बाहेरच्याला सुमारे २५. दोन्ही सारखी वळली तर एक चाक रस्त्यावर घासत फिरेल. उलट सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं जवळपास समांतर हवीत. या दोन्ही गोष्टी दोन भागांवर अवलंबून आहेत. एक, नकलमधून, म्हणजे चाकाला धरून वळणाऱ्या भागातून, निघणारा स्टिअरिंग आर्म किती तिरपा आहे. दुसरा, त्याला जोडलेल्या दांडीची लांबी किती आहे. आर्म घडवलेला असतो, त्याचा तिरपेपणा कारखान्यातच ठरतो. दांडीची लांबी मात्र आट्यांवर कमी-जास्त करता येते. म्हणून टायरॉडला हात लावला की चाकांच्या मापाला हात लागतोच.

दांडी, गोळा आणि टोपी

महिंद्राने १९४७ पासून आपल्याकडे विलीज जीप जुळवायला घेतली. पुढे विदर्भातल्या गावागावांत काळी-पिवळी जीप धावली, २००० साली बोलेरो आली, आणि आज शेतमालाची बरीचशी ने-आण पिकअपवर चालते. या सगळ्या गाड्यांत स्टिअरिंगचा सांगाडा थोडाफार वेगळा आहे, पण तत्त्व एकच.

पुढे लीफ स्प्रिंग आणि सलग आख असेल तर साधारणपणे या चाकापासून त्या चाकापर्यंत एक लांब टायरॉड असतो, आणि स्टिअरिंग बॉक्सच्या ड्रॉप आर्मपासून निघालेली ड्रॅग लिंक चाकांना ढकलते-ओढते. पुढची चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होणारी असतील तर एकच लांब दांडी चालत नाही. एक चाक खड्ड्यात गेलं की ती दुसऱ्यालाही वळवेल. म्हणून अशा गाड्यांत मध्ये सेंटर लिंक किंवा रॅक असतो आणि दोन्ही बाजूंना हातभर लांबीचे स्वतंत्र टायरॉड. प्रत्येकाला आतलं टोक आणि बाहेरचं टोक. रॅकच्या गाडीत आतलं टोक घड्यांच्या रबरी नळीत झाकलेलं असतं. गॅरेजात त्याला रॅक एंड म्हणतात, बाहेरच्याला टायरॉड एंड.

दांडी स्वतः सहसा झिजत नाही. झिजतो तो टोकाचा बॉल जॉइंट. कडक केलेल्या पोलादाचा गुळगुळीत गोळा एका वाटीत बसवलेला असतो. आपल्या खांद्याच्या सांध्यासारखाच तो सगळ्या बाजूंना फिरतो, पण वाटीतून निसटत नाही. जुन्या बनावटीत वाटी धातूची असे आणि ग्रीस भरायला निपल असे. आता बहुतेक ठिकाणी वाटी टणक प्लास्टिकची असते आणि ग्रीस कारखान्यातूनच भरून बंद केलेलं येतं. गोळ्यातून निघालेला दांडा निमुळता असतो. तो आर्मच्या तितक्याच निमुळत्या भोकात बसतो आणि कॅसल नट त्याला आत ओढून घट्ट करतो. पकड असते ती या निमुळत्या भागाची. नटचं काम ती पकड टिकवायचं आणि स्प्लिट पिनचं काम नट सैल होऊ न द्यायचं.

या सगळ्यावर एक रबरी टोपी असते. मिस्त्री तिला बूट म्हणतात. गोळा आणि वाटी कितीही चांगल्या प्रतीची असोत, त्यांचं आयुष्य या टोपीवर अवलंबून असतं. ती शाबूत असेल तर आतलं ग्रीस आत आणि बाहेरचं पाणी-धूळ बाहेर राहते. ती फाटली की झीज सुरू झाली म्हणून समजा.

काळी माती काय करते

वर्धा जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या कसदार मातीचा आहे. बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेली ही माती कापसाला उत्तम, रस्त्याला नाही. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीच्या खनिजाच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्याने वरचा डांबरी थर उलतो आणि कडा खचतात.

टायरॉडला सगळ्यात जास्त मार या खचलेल्या कडेचा बसतो. एकेरी रस्ता, समोरून ट्रॅक्टर, आपण डावं चाक खाली उतरवतो. ट्रॅक्टर गेला की ते चाक परत डांबरावर चढवतो. त्या क्षणी रस्त्याची चार बोटं उंच कड चाकाला आडवी धडकते. खड्ड्याचा धक्का बराचसा खालून वर जातो आणि तो स्प्रिंग आणि शॉकअप झेलतात. आडव्या धक्क्यात तशी सोय नाही. तो नकलमधून थेट टायरॉडच्या गोळ्यावर जातो. गाडीत कापूस असेल तर वजन थोडं कमी. सोयाबीन, खत किंवा सिमेंट असेल तर तोच धक्का कितीतरी मोठा.

दुसरा मार चिखलाचा. पांदण रस्त्यावरून पावसाळ्यात गाडी नेली की काळी माती चाकाच्या आतल्या बाजूला, नकलभोवती आणि बुटावर थापली जाते. दोन दिवसांच्या उन्हात ती कडक होते आणि स्टिअरिंग फिरवताना बुटाच्या घड्यांवर घासत राहते. रबर तिथेच चिरतं. मग पाणी आत, ग्रीस बाहेर. चिकणमाती फार बारीक असते, पण तिच्याबरोबर मुरमाची कच येते, आणि ग्रीसमध्ये कच मिसळली की गोळा आणि वाटी यांच्यामध्ये पॉलिश पेपर चालवल्यासारखी झीज होते. गोळ्यावर गंजाचे खड्डे पडले की झीज आणखी वेगाने वाढते. एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांवर गेलेली उष्णता रबराला आधीच कडक करून ठेवते. गाडी धुताना प्रेशरची नळी थेट बुटाच्या तोंडावर धरली तर तिथूनही पाणी आत शिरतं. धुवायचं तर लांबून, आणि चिखल वाळण्याआधी.

चाक हलवून पाहणं

टायरॉड झिजल्याची लक्षणं सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक असतात. स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी गाडी ऐकत नाही. हळू चालवताना खड्ड्यात खटखट वाजतं. ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरतं. टायर एका कडेने जातो. गाडी एका अंगाला ओढते. पण यातलं एकही लक्षण एकट्या टायरॉडचं नाही. गाडी एका अंगाला ओढते ती एका टायरात हवा कमी असल्यानेही, किंवा एका बाजूचा ब्रेक धरून राहिल्यानेही. थरथर बॅलन्सिंगने येऊ शकते, आणि स्टिअरिंगचा प्ले बॉक्समधल्या किंवा कॉलमच्या जोडातल्या झिजेमुळे. म्हणून लक्षणावरून पार्ट घेऊन टाकू नये. चाक हलवून पाहावं.

पुढचं चाक जमिनीवरून उचलून गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवायची. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून चाक डावी-उजवीकडे झटक्याने हलवायचं. तिथे खडखड जाणवली तर संशय टायरॉडवर. हात बारा आणि सहाच्या जागी धरून हलवल्यावर खडखड आली तर संशय व्हील बेअरिंग, सस्पेन्शनचा बॉल जॉइंट किंवा किंगपिनवर. दोन्हीकडे आली तर आधी बेअरिंग पाहायचं.

दोन माणसं असतील तर खात्री आणखी सोपी. गाडी चाकांवरच उभी, पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. एकाने आत बसून स्टिअरिंग इकडे-तिकडे दोन-दोन बोटं फिरवत राहायचं. मिस्त्री बाहेरून खाली हात घालतो, बोटाची पेरं जॉइंटवर ठेवतो, एक बोट दांडीवर आणि एक आर्मवर. जोड चांगला असेल तर दोन्ही एकाच वेळी हलतात. झिजला असेल तर आधी दांडी हलते, क्षणभराने आर्म. डोळ्यांना न दिसणारं ते अंतर बोटांना कळतं. "स्टेरिंग हलव बरं... थांब. हा पाह्य, इथं मारते टिचकी." एवढ्यात निदान झालेलं असतं. या वेळी बोटं दांडी आणि चौकटीच्या सांध्यात अडकणार नाहीत, हे पाहायचं.

त्याच बोटांनी बूटही चाचपायचा. चीर असेल, ग्रीस बाहेर येऊन धूळ चिकटली असेल आणि जोड अजून घट्ट असेल, तर निर्णय गाडीच्या मालकाचा. काही ठिकाणी बूट सुटा मिळतो आणि ग्रीस स्वच्छ असेल तर नवा चढवता येतो. आत कच गेली असेल तर मात्र नुसत्या बुटाने काही साधत नाही.

खोलणं आणि बसवणं

पहिली गोष्ट जागेची. शेताच्या बांधाजवळ, ओल्या काळ्या मातीवर जॅक लावून गाडीखाली जाऊ नये. जॅक एका बाजूला रुतत जातो. सपाट, पक्की जमीन हवी, आणि ती नसेल तर जॅकखाली जाड फळी. मागच्या चाकांना ठोकळे, चाकाचे नट जमिनीवर असतानाच ढिले, आणि वजन जॅकवर न ठेवता घोडीवर.

मग खालून वर काम. जोडावरची माती तारेच्या ब्रशने काढायची आणि गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबायचं. दांडी आणि टोक यांच्यामधला चेक नट आधी किंचित ढिला करायचा, पण त्याआधी त्याच्या जागेवर रंगाची खूण. स्प्लिट पिन काढायची, कॅसल नट सोडवायचा. दांड्याचा निमुळता भाग आर्ममध्ये इतका घट्ट बसलेला असतो की नट काढूनही तो सुटत नाही. त्याला पुलर लावावा. पुलर नसेल तर अनुभवी मिस्त्री आर्मच्या डोळ्यावर बाजूने हातोड्याचे एक-दोन जोरदार ठोके देतात; भोक क्षणभर ताणलं जातं आणि दांडा खाली पडतो. दांड्याच्या आट्यांवर ठोकणं मात्र चुकीचं. तसे आटे बसतात आणि टोक पसरून दांडा भोकात अडकतो. गॅसची ज्योत लावणं त्याहून वाईट. घडवलेल्या आर्मला आचेने किती ताकद गेली ते बाहेरून दिसत नाही, आणि बंद जॉइंट आतलं ग्रीस तापून फुटू शकतो.

आता जुनं टोक फिरवून काढायचं आणि काढताना फेरे मोजायचे. ते किती महत्त्वाचं, ते थोड्या हिशोबाने कळेल. दांडीचे आटे दीड मिलिमीटर अंतराचे धरले तर एका पूर्ण फेऱ्याने दांडी दीड मिलिमीटर लांब किंवा आखूड होते. आर्म १५० मिलिमीटरचा आणि रिम ४०० मिलिमीटरची असेल तर रिमवर हा फरक सुमारे ४ मिलिमीटर होतो. म्हणजे एक फेरा चुकला तरी चाक नजरेला सरळ दिसेल, पण टायर घासत चालेल. म्हणून फेरे मोजायचे आणि शिवाय जुन्या-नव्या जोडाच्या गोळ्यांमधलं अंतर टेपने मिळवायचं, कारण नव्या टोकाची लांबी जुन्याएवढीच असेल असं नाही. काही दांड्यांना एका टोकाला उलटे आटे असतात. तिथे मधली नळी फिरवली की दोन्हीकडून लांबी बदलते. अशी टोकं पान्याने जोर लावून उलट्या बाजूला फिरवली तर आटे खराब होतात.

नवा पार्ट बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून पाहावा. दांड्याचा निमुळता भाग, आट्यांची जाडी आणि गोळ्याचा कोन जुळतो का? एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत टायरॉड वेगळा असू शकतो, म्हणून दुकानात चेसिस नंबर सांगून, बिल घेऊन पार्ट घ्यावा. स्टिअरिंगचा भाग स्वस्तात मिळाला म्हणून हलक्या कंपनीचा घेण्यात बचत नाही.

बसवताना निमुळता भाग आणि भोक कोरडं पुसून घ्यायचं. तिथे ग्रीस लावायचं नाही. पकड घर्षणाची आहे. नट आवळताना दांडाच फिरू लागला तर खालून जॅकने हलका दाब देऊन तो भोकात बसवावा. नट किती आवळायचा ते कंपनीच्या पुस्तकात असतं आणि ते टॉर्क पान्याने मोजावं. आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक समोर आलं नाही तर नट थोडा पुढेच आवळायचा, मागे सोडायचा नाही. स्प्लिट पिन नवी. जुनी सरळ करून परत घातलेली पिन दुसऱ्यांदा वाकवताना तुटायच्या बेतात आलेली असते. निपल असेल तर बूट किंचित फुगेपर्यंत ग्रीस भरायचं; फुटेपर्यंत भरलं तर नवं टोक पहिल्याच दिवशी जुनं झालं.

वाकलेला टायरॉड सरळ करून किंवा वेल्डिंग मारून वापरणं हा रस्त्यावरचा जुना उपाय आहे आणि तो कधीही करू नये. वाकलेलं पोलाद थंड असताना सरळ केलं तर आत बारीक भेगा राहू शकतात, आणि वेल्डिंगच्या शेजारचा भाग ठिसूळ होऊ शकतो. तो तुटतो तेव्हा एक चाक ड्रायव्हरच्या ताब्यातून निसटतं आणि स्टिअरिंगवर घट्ट धरलेल्या हातांना ते परत आणता येत नाही.

शेवटचं काम मापाचं

टायरॉड बदलून गाडी रस्त्यावर आली आणि सरळ चालली, की बरेच जण काम झालं समजतात. अर्धं काम राहिलेलं असतं. पुढच्या दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर आणि मागच्या कडांमधलं अंतर यांत ठराविक फरक असावा लागतो. मागच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या गाडीत पुढची चाकं रस्त्याच्या विरोधाने किंचित बाहेर उघडायला पाहतात. म्हणून उभी असताना ती किंचित आत वळलेली ठेवतात, म्हणजे चालताना समांतर होतात. हेच टो-इन. कंपनी त्याचं माप देते, आणि ते एक-दोन मिलिमीटरच्या हिशोबातलं असतं.

हे माप मिलिमीटरभर हललं तर काय बिघडतं? समजा, ते रिमवर ३ मिलिमीटरने चुकलं. दोन चाकांत वाटून प्रत्येकी दीड. रिम ४०० मिलिमीटरची. मग चाक १ किलोमीटर पुढे जाताना सुमारे पावणेचार मीटर आडवं घासत जातं. वर्धा ते नागपूर रस्ता पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एका बाजूच्या प्रवासात प्रत्येक पुढचा टायर पावणेतीनशे मीटर आडवा फरपटत गेला. रोज भाजी घेऊन नागपूरला जाणाऱ्या पिकअपचा टायर कुठे जातो, ते यातून कळतं. आणि घासणं म्हणजे उष्णता. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. वर्धा जिल्ह्यात येळाकेळी आणि विरुळ इथून त्यावर चढता येतं. हलक्या प्रवासी गाड्यांना तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, मालवाहू गाड्यांना ८० ची. १२० च्या वेगाला चाक सेकंदाला पंधराएक फेरे घेतं. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या काँक्रीटवर, आडवं घासत, तासन्‌तास. जिल्ह्यातल्या रस्त्यावर महिनोन्‌महिने चाललेली चूक अशा रस्त्यावर एका प्रवासात महाग पडू शकते.

अलाइनमेंट केंद्रापर्यंत जाण्यापुरतं माप टेपने आणि दोरीने लावता येतं. पण पुढे मशीनवर जावंच. दोन गोष्टी तिथे सांगाव्यात. पहिली, दोन्ही बाजूंचे टायरॉड सारखेच कमी-जास्त करायला सांगावं. नाहीतर चाकं समांतर होतील पण स्टिअरिंग तिरकं राहील. दुसरी, गाडी कंपनीने सांगितलेल्या भाराने मोजली जाते आहे ना, ते पाहावं, कारण स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत भाराने पुढचा भाग खाली बसला की माप बदलतं. सगळं जुळल्यावर चेक नट घट्ट, बूट पिळलेला नाही ना याची खात्री, आणि मोजमापाची छापील पावती हातात. ढिल्या जोडावर केलेलं अलाइनमेंट मात्र पैसे पाण्यात. मशीन ज्या क्षणी मोजते त्या क्षणाचं माप ते. गाडी पुढच्या खड्ड्यात गेली की ते दुसरंच होतं.

नियमात काय आहे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम स्टिअरिंगबद्दल आहे. स्टिअरिंग चाकाचा मोकळा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. जोडणाऱ्या बॉल जॉइंटांना रबरी टोप्या असाव्यात. बोल्ट किंवा पिना पक्क्या लॉक केलेल्या असाव्यात, असं तो सांगतो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेला सुमारे साडेदहा सेंटिमीटर. ही कायद्याची शेवटची रेघ आहे, गाडी चांगली असल्याची नाही. बोटभर प्ले आला की गॅरेजात जावं. वर्ध्याच्या, म्हणजे एमएच-३२ च्या, मालवाहू गाडीला फिटनेस प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावं लागतं. पण दोन तपासण्यांच्या मधल्या पावसाळ्यांत बूट आपल्यालाच तपासावा लागतो.

त्यासाठी दोन वेळा पुरेशा आहेत. एक मृग लागण्याआधी, म्हणजे चिरलेला बूट चिखलात जाण्यापूर्वी सापडतो. दुसरी पावसाळा संपून माल भरण्याआधी. टायरॉड बदलला असेल तर हजारेक किलोमीटरनंतर चाक पुन्हा एकदा नऊ-तीनला धरून हलवावं आणि चेक नटवरची रंगाची खूण जागची हलली नाही ना ते पाहावं. टायर गेला म्हणून दुकानात जाणाऱ्याने तिथे शिरण्याआधीच क्रम ठरवावा. आधी जोड, मग माप, आणि नवा टायर सगळ्यात शेवटी.